लग्न झालेल्या मुलींची शाळा

मुलींना शाळेत बोलवायला जाणं हे माझं काम होतं, आणि त्याचाच मला पगार होता. हे सांगितलं की माझ्या नातसुना हसतात. घंटा झाली की पोरी आपापल्या पळतात, त्यांना बोलवायला वेगळी बाई कशाला, असं त्यांना वाटतं. पण तेव्हा लोणावळ्यात मुलींच्या शाळेची घंटा ऐकून एकही मुलगी आपण होऊन उंबरा ओलांडत नव्हती. मी घरोघर जायचे, पोरी बाहेर काढायचे, त्यांची रांग करायचे आणि रूळ ओलांडून शाळेत आणून सोडायचे. संध्याकाळी तीच रांग उलट. शाळेत काय शिकवतात याच्याशी आयांना कर्तव्य नव्हतं. पोरगी कुणाचा हात धरून गेली आणि कुणाचा हात धरून परत आली, एवढंच त्या बघायच्या. हजेरीत मुली बाईंच्या होत्या, पण घरच्यांनी त्या माझ्या ओटीत घातलेल्या होत्या.

बाईंच्या आठवणींच्या या अंकासाठी मला लिहायला सांगितलं आहे. बाई म्हणजे आमच्या शाळेच्या राधाबाई. त्यांच्यावर पुष्कळांनी पुष्कळ चांगलं लिहिलं, ते खरंही आहे. मी चार इयत्ता शिकलेली, त्याही त्यांच्याच हाताखाली. मला गोड लिहिता येत नाही. जे बघितलं तेवढं लिहिते. ते फार सुखाचं नाही.

पहिलं महायुद्ध संपता संपता आलेल्या मानमोडीच्या तापाच्या साथीत माझा नवरा गेला. तो घाटात रुळांवर कामाला होता. सकाळी अंग दुखतंय म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी संपला. त्याच साथीत बाईंची एकुलती एक मुलगी गेली, मागे काही महिन्यांची पोर ठेवून. ती पोर म्हणजे कुसुम. जावई गणपतराव लोणावळ्याच्या लोको शेडात फिटर होते. त्यांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि पोर बाईंकडेच राहिली. बाई स्वतः पुण्याच्या शिंपी घरातल्या. कोवळ्या वयातच विधवा झालेल्या, पोटात मूल घेऊन ट्रेनिंग कॉलेजात शिकलेल्या.

मी काम मागायला गेले तेव्हा बाई कडेवर कुसुमला घेऊन फळा पुसत होत्या.

"रांगेत मुली चालवता येतील?" त्यांनी विचारलं.

"शेरडं चालवलीत की."

"शेरडं सोपी गं. शेरडांच्या आया 'कुठं नेतेस' म्हणून विचारत नाहीत."

मी कामाला लागले. माझा मुलगा माझ्या आईकडे वडिवळ्याला ठेवला आणि मी शाळेमागच्या खोलीत राहिले. बाईंच्या खोलीला लागूनच. पहिल्याच महिन्यात बाईंनी मला पाटी दिली. मी म्हणाले, मला कशाला? त्या म्हणाल्या, "ज्या दुकानदारानं गूळ खाल्ला नाही त्यानं गूळ विकू नये." मग मी दुपारी मागच्या तरटावर बसून लहान पोरींबरोबर बाराखडी गिरवली. चौथी झाल्यावर मीच म्हटलं, आता पुरे. बाईंनी तोंड वाकडं केलं. त्यांना कुणीच पुरे म्हटलेलं आवडत नसे.

आता या कामाबद्दल सांगते, कारण हे काम आता उरलेलं नाही.

पुढच्या दारानं कधी हाक मारायची नाही. पुढे सासरा नाहीतर आजा बसलेला असतो, तो आधी नाही म्हणतो आणि मग शब्द फिरवायला त्याला लाज वाटते. मागच्या दारानं चुलीपाशी जायचं. "पोरगी दे" असं म्हणायचं नाही. पोरगी शाळेला का येत नाही, तर घरात तिला काम असतं. ते काम आपण करून टाकायचं. मी घागर उचलून पाणी भरायचे, जात्यावरचं शेवटचं दळण ओढून द्यायचे, शेणाचा पो टाकायचे. काम संपलं की आईला पोरीला अडवायला कारण उरायचं नाही. कडेवरचं भावंड असेल तर तेही बरोबर घ्यायचं. आमच्या शाळेच्या पडवीत वाशांना लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या असत. आत मुली पाढे म्हणायच्या आणि बाहेर मी त्यांची भावंडं झुलवायचे. पावसाळ्यात पानांच्या एकेका इरल्याखाली दोन-दोन पोरी घालून मी चालवायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, कासवं चालली आहेत.

एकदा एक मोठा घोटाळा झाला, तो सांगते. शाळा तपासायला डेप्युटी साहेब येणार होते. बाईंनी मुलींना सांगितलं, नीट वेणीफणी करून या, साहेब येणार आहेत. मुलींनी घरी सांगितलं. पण त्याआधी गावात डोक्याला टोपी घातलेला एकच साहेब येऊन गेला होता, आणि तो देवी टोचणारा होता. त्यानं टोचलेले हात सुजले होते, पोरी तापल्या होत्या. मी सकाळी बोलवायला गेले तर घरंच्या घरं रिकामी. कुणाची पोर मामाकडे, कुणाची रानात. एका घरी मी घागर उचलली तर आई म्हणाली, "आज पानी नगं भरू, मावशे. पोरगी न्हाई घरात." तेवढ्यात कोपऱ्यातली भाताची कणगी शिंकली.

"तुमच्या भाताला पडसं झालंय व्हय?" मी विचारलं.

झाकण काढलं तर आत पोरगी, केसांत कोंडा. तिला तशीच उचलून आणली. त्या दिवशी साहेबांसमोर दहा-बारा पोरीच बसल्या आणि त्यातल्या निम्म्या दंडावर हात दाबून रडत होत्या. बाईंनी साहेबांना काय झालं ते सरळ सांगितलं. साहेब हसले. म्हणाले, पुढच्या खेपेला मी टोपी न घालता येईन. ते बरे गृहस्थ होते. पुढे शाळेवर वेळ आली तीही त्यांच्याच तोंडून आली, पण त्यात त्यांचा दोष नव्हता.

कुसुम या सगळ्यात वाढली. आधी झोळीत, मग तरटावर. रांगेत ती माझा पदर धरून सगळ्यांत पुढे चालायची. हुशार होती, पण बडबडी नव्हती. शिवण तिच्या हातात आपोआप आलं. बाई बाकीच्या मुलींवर जीव टाकत. कुणाला खरूज झाली तर स्वतः कडुलिंबाचं पाणी करून धूत, कुणाचा बाप मारायला उठला तर दारात जाऊन उभ्या राहत. मुली त्यांना मनापासून जीव लावायच्या. कुसुमशी मात्र त्या कडक वागत. तिच्या पाटीवरचं सगळं बरोबर असलं तरी "अक्षर सुधार" म्हणत. मी एकदा विचारलं, तिचंच का चुकतं सारखं? तर म्हणाल्या, "ती माझी आहे. लोक तिच्याकडे बघून शाळेची परीक्षा करतात." हे खरंच होतं. कुसुमनं सातवीची फायनल पास व्हावी, ट्रेनिंगला जावं आणि याच शाळेत बाई म्हणून यावं, असं बाईंनी ठरवलेलं होतं. हे ठरवलेलं कुसुमलाही माहीत होतं आणि तिला ते आवडत होतं. संध्याकाळी ती माझ्याशी शाळा-शाळा खेळायची आणि मला छड्या मारायची.

मग तो कायद्याचा हंगाम आला.

चौदा वर्षांखालच्या मुलीचं लग्न करायचं नाही असा सरकारचा कायदा होणार, चैत्रापासून लागू होणार, असं बाजारात कळलं. चांगला कायदा होता. बाईंनी त्या दिवशी शाळेत पोरींना गूळ वाटला. पण बाजारात दुसरंच चाललं होतं. कुणी म्हणे, कायदा लागला की सरकार पोरी मोजणार. कुणी म्हणे, चौदा वर्षांची घोडी झाल्यावर तिला करून घेणार कोण? ब्राह्मण, वाणी, मराठे, ठाकर, सगळ्यांचं यावर एकमत झालं की जे करायचं ते कायदा लागायच्या आत उरकून टाकावं. एरवी एवढ्या लोकांचं कशावर एकमत झालेलं मी पाहिलं नाही.

त्या माघ-फाल्गुनात मी बोलवायला निघाले की गल्लीगल्लीत मांडव. एका दारात गेले तर आत हळद चालली होती.

"भागी कुटं हाय?" मी विचारलं.

"हळद लागलीया तिला. आता कसली शाळा?"

"उद्या यील का?"

"मावशे, तुला काय डोकं हाय का न्हाई? उद्या तिचं लगीन!"

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे माझ्या झोळीतली एक पोर. दीड-दोन वर्षांची असेल, तिच्या बहिणीबरोबर रोज यायची. एका मांडवात दोघी बहिणींची लग्नं लावली, मोठीबरोबर धाकटीचंही, खर्च एकच म्हणून. अक्षता पडत होत्या आणि ती मामाच्या मांडीवर झोपलेली. अक्षतांनी जागी झाली आणि मला बघून रडायला लागली, मला घे म्हणून. मी घेतली नाही. लग्नात मध्येच नवरीला उचलता येत नाही.

शाळा ओस पडली. लग्न झालेली मुलगी तशी लगेच सासरी जात नसे, मोठी होईपर्यंत ती माहेरीच राहायची. पण ती आता दुसऱ्याची झाली, तिला आपण कसं बाहेर पाठवायचं, असं आया म्हणायच्या. डेप्युटी साहेब आले, रिकामी तरटं बघितली, आणि बाईंना म्हणाले, "शिमग्यानंतर मी पुन्हा येईन. तोवर पट भरला नाही तर ही शाळा मुलांच्या शाळेत मिसळावी लागेल. माझ्या हातात नाही." मुलांच्या शाळेत कुठलीही आई मुलगी पाठवणार नव्हती. म्हणजे शाळा बुडणार होती, आणि फायनलपर्यंत मुलींना शिकवणारी दुसरी शाळा जवळपास नव्हती.

बाई मला म्हणाल्या, "सगुणा, आया नाही म्हणतात तर सासरच्यांना विचार. 'माहेरी आहे तोवर शाळेत जाऊ द्या' एवढंच मागायचं."

मग मी मुलींच्या सासरी निघाले. हे काम त्याआधी कुणी केलं नसेल. बेडशाला एक सासरा भेटला, म्हातारा, तंबाखू मळत बसलेला. म्हणाला, "आमचा पोरगा अडाणी. सून शिकली तर घरात दोन कायदं व्हतील." मी म्हणाले, "आबा, आता तरी तुमच्या घरात किती कायदं हायेत?" त्याची म्हातारी आतून हसली. तो म्हणाला, "बगू." बघू म्हणजे नाही.

वडिवळ्याला एक सासू राबावर पालापाचोळा पसरत होती. भाताच्या रोपाची जागा भाजायची असते ना, त्याची तयारी. मी न विचारता पाटी उचलून तिला शेणी आणून द्यायला लागले. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाईच्या नातीचं लगीन झालं का?"

"न्हाई."

"मंग? आपली नात कोरी ठिवली आन आमच्या सुना मागती व्हय? पोरगी शिकली की लगीन व्हत न्हाई, ह्येच दिसतंय की."

मी म्हणाले, नात लहान आहे. ती म्हणाली, "माजी सून तिच्याहून ल्हान हाय." मी पुन्हा पाटी उचलली. ती पाटी माझ्या हातातून काढून घेत म्हणाली, "ती करंल तसं आमी करू. जा, सांग तिला."

त्यानंतर मी आणखी तीन-चार ठिकाणी गेले आणि प्रत्येक ठिकाणी फिरून फिरून हाच प्रश्न निघाला.

मी आल्यावर बाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या झंपराला काज करत होत्या. त्यांनी काज पुरं केलं, दोरा तोडला. कुसुम पलीकडे सागरगोटे खेळत होती. गणपतराव त्याआधी दोन-तीनदा येऊन गेले होते. "सगळ्यांच्या उरकल्या, माझीच राहिली. शेडात लोक तोंडावर बोलतात," म्हणायचे. बाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्याकडे पाठवलं. म्हणाल्या, "त्यांना सांग, स्थळ पाहा. एक अट आहे. फायनल होईपर्यंत कुसुम माझ्याकडे राहील आणि शाळेत जाईल."

मी म्हणाले, "बाई, हे तुमाला मानवंल का?"

"मला मानवण्याचा प्रश्न नाही. एका मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र पडलं आणि ती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली, एवढं लोकांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. मग बाकीच्या येतील. ती मुलगी दुसऱ्या कुणाची मी मागू शकत नाही. माझी मागू शकते."

मला तेव्हा हे हुशारीचं वाटलं होतं. आजही वाटतं.

स्थळ घोरावाडीचं मिळालं. शिंपीच. मुलगा एकोणीस वर्षांचा, तळेगावच्या बाजारात मशीनवर बसणारा. फायनलपर्यंत मुलगी आजीकडेच राहील, असा शब्द त्यांनी माझ्यासमोर दिला. कुसुमला सांगितलं तेव्हा तिनं आजीला विचारलं, "तू तर म्हणायचीस, मोठी होईपर्यंत नाही."

"म्हणायचे," बाई म्हणाल्या. "पण आता शाळेचं आहे."

कुसुमनं मान हलवली. अकरा वर्षांच्या मुलीला 'शाळेचं आहे' म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? तिला शाळेशिवाय दुसरं घरच नव्हतं.

लग्नानंतरच्या सोमवारी बाईंनी तिला हिरव्या बांगड्या आणि मंगळसूत्रासकट माझ्यापुढे उभी केली. पाटी हातात. "आज हिला पहिल्या घरापासून बरोबर ने," म्हणाल्या. मी तिला घेऊन गल्लीगल्ली फिरले. मागच्या दारांनी नव्हे, त्या दिवशी पुढच्या दारांनी. बायका बाहेर येऊन बघायच्या. "बाईची नात! लगीन व्हऊन शाळंला निगाली!" एकीनं तिच्या बांगड्या हात लावून बघितल्या. भागीच्या आईनं बराच वेळ बघितलं, मग आत जाऊन भागीला बाहेर ढकललं. "जा बाई. तिला चालतंय तर तुला काय धाड भरलीया?" सासरच्यांनाही निरोप गेले. वडिवळ्याच्या त्या बाईनं शब्द पाळला. शिमगा होईपर्यंत तरटं भरली. साहेब आले तेव्हा सगळ्या पोरींनी एकदम हात जोडले आणि वर्गभर बांगड्या वाजल्या. साहेबांनी एकेका रांगेवरून नजर फिरवली. "एवढ्या सगळ्या?" म्हणाले. मग त्यांनी शाळा चालू राहील असं सांगितलं आणि मान खाली घालून गेले.

त्यानंतर आमच्या शाळेत लग्न झालेल्या मुलींचा निराळाच वर्ग झाला. दुसऱ्या गावची माणसं तो बघायला यायची. वर्तमानपत्रात बाईंचं नाव आलं. त्या वर्गातल्या दोघी पुढे मास्तरीणबाई झाल्या. भागी त्यातलीच एक. तिनं आपल्या नवऱ्यालाही शिकवलं.

कुसुम सातवीत गेली. फायनल जवळ आली होती, ती पहाटे उठून गणितं सोडवायची. त्यातच ती मोठी झाली, आणि ही बातमी गणपतरावांच्या बायकोकडून घोरावाडीला पोचली. लगेच मूळ, म्हणजे सासरचं बोलावणं, आलं. सासू आणि चुलतसासरा न्यायला आले. बाई त्यांना म्हणाल्या, "शब्द दिला होता. परीक्षा झाली की पाठवते."

सासू शांतपणे म्हणाली, "शब्द ल्हान्या सुनेचा दिला व्हता. आता ती मोठी झाली. मोठी सून आजीच्या घरात ठिवायची, ही कुटली रीत?"

"थोडेच दिवस राहिले आहेत."

"आमची भावकी हसती, बाई. तुमची शाळा हाय, आमची भावकी हाय."

मला वाटलं होतं बाई भांडतील. त्या कुणाच्याही बापाशी भांडल्या होत्या. पण त्या बसून राहिल्या. मागून मला म्हणाल्या, "मी हिला अडवली तर बाकीच्यांच्या सासरचे म्हणतील, बाई सुना अडवून ठेवते. पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग रिकामा होईल." तेच गणित पुन्हा. दोन वर्षांपूर्वी ते बरोबर सुटलं होतं, आताही सुटत होतं. फक्त त्यात घालायला आकडा प्रत्येक वेळी तोच होता.

पाठराखीण म्हणून मला जावं लागलं. नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी माहेरची एक बाई जाते, तिला पाठराखीण म्हणतात. कुसुमचं माहेर म्हणजे शाळा, आणि शाळेतली बाई मी. आम्ही गाडीनं तळेगावला उतरलो आणि पुढे चालत गेलो. सासू पुढे, आम्ही मागे. कुसुम रडली नाही. तिनं पुस्तकं बरोबर घेतली होती. मला म्हणाली, "मावशी, परीक्षेला सोडतील का, एवढं तू विचार. मी विचारलं तर बरं दिसणार नाही."

मी विचारलं. सासू म्हणाली, "शिवणावर हात चांगला बसलाय तिचा, ते आजीनं ब्येस केलं. बाकीचं आता ऱ्हाऊ द्या." वाईट बाई नव्हती ती. कुसुमला कधी उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही. मशीनवर बसवलं.

फायनलला आमच्या शाळेतून ज्या मुली बसल्या त्यात कुसुम नव्हती.

पहिल्या दिवाळीला ती आली. जेवताना म्हणाली, "बाई, भात वाढू का?" बाईंनी मान वर केली. आजवर ती त्यांना आजी म्हणायची आणि शाळेतल्या साऱ्या मुली बाई म्हणायच्या. त्यानंतर ती क्वचित आली, मग आलीच नाही. बाई तिच्याकडे कधी गेल्या नाहीत. मी एकदा म्हणाले, जाऊन या. तर म्हणाल्या, "काय तोंडानं?" आणि लगेच, "मुलींच्या परीक्षा आहेत." परीक्षा नेहमीच असायच्या.

पुढे बाई निवृत्त झाल्या. डोळे गेले, पायांना सूज आली. शाळेमागचीच खोली त्यांना राहायला ठेवली होती. मी त्यांचं जेवणखाण बघायचे. त्यांच्या वर्गातल्या मुली आता लेकीबाळींच्या झाल्या होत्या, त्या येऊन पाया पडायच्या, मुलांना पायावर घालायच्या. खोली कधी रिकामी नसायची. बाई हातांनी पोरांची तोंडं चाचपडून कुणाचं पोर ते ओळखायच्या. त्या साऱ्यांच्या आजी होत्या.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. एका सकाळी बाई म्हणाल्या, "कुसुमच्या मुलीला किती वर्षं झाली?"

"सात झाली असतील."

"जा. तिला बोलावून आण. इथं राहील. भागी शाळेत आहे, ती शिकवील, मी तोंडी घेईन. फायनलपर्यंत नेऊ तिला."

मी पदर खोचला. इतकी वर्षं ज्या कामाचा पगार घेतला तेच काम त्यांनी सांगितलं होतं.

घोरावाडीला गेले. युद्धामुळे शिंप्यांना बरे दिवस होते. घरात खाकी कापडाचे गठ्ठे, दोन मशिनं चालू, त्यातल्या एकावर कुसुम. अंगानं भरली होती, चष्मा लागला होता. सासू मरून गेली होती. मी आत गेले, सवयीनं घागर उचलली आणि आडावरून पाणी आणलं. दुसरी घागर उचलली तेव्हा तिनं मशीन थांबवलं.

"मावशी, ठेव ती घागर. कुणाला न्यायला आलीस?"

मी सांगितलं.

"पोरगी शाळेत गेलीय," ती म्हणाली. "इथल्याच. मुलांच्याच शाळेत. एकटी जाते, एकटी येते. तिला बोलवायला कुणी लागत नाही."

"फायनलपातुर?"

"जेवढं शिकेल तेवढं. पण संध्याकाळी ती माझ्या घरात असेल."

"बाई म्हाताऱ्या झाल्यात, कुसुम. डोळं गेल्यात."

"माहीत आहे मला. भागी सांगते. भागीचं पत्र आलं की सगळं कळतं." तिनं सुईत दोरा ओवला. "भागी मास्तरीण झाली. तिच्यावरून माझ्या पोटात दुखत नाही, मावशी, खरं सांगते. पण तिची शाळा माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्रावर चालली. बाईंना सांग, माझी मुलगी मी शाळेला दिलीय. बाईंना देणार नाही."

तिनं मला जेवायला घातलं, झंपराला कापड दिलं आणि मी परत आले.

बाई जाग्याच होत्या. मी जसंच्या तसं सांगितलं. मला गोड करून सांगता आलं असतं, पण त्यांनी मला तसं कधी शिकवलं नव्हतं. त्यांनी पूर्ण ऐकलं. म्हणाल्या, "तिला कळत नाही. तेव्हा दुसरा उपाय नव्हता."

"होता की," मी म्हणाले. "शाळा बुडू द्यायची."

त्यांनी माझ्या बाजूला तोंड वळवलं. दिसत काही नव्हतं. "ते मला जमलं नसतं, सगुणा," त्या म्हणाल्या. "आजही जमणार नाही. आज पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा तेच करीन." आणि मग, "पण मुलगी एकटी जाते म्हणालीस ना शाळेत?"

"व्हय. एकटी."

"बरं," म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

त्या हिवाळ्यात बाई गेल्या. प्रेताबरोबर एवढ्या बायका चालल्या की लोणावळ्यात तोवर कुणी तसं बघितलं नव्हतं. बायका स्मशानापर्यंत जात नाहीत, त्या गेल्या. कुसुमला निरोप पाठवला होता, पण ती त्या दिवशी आली नाही. तेराव्याला आली, मुलीला घेऊन. सगळं आटपल्यावर माझ्याजवळ भांडी घासायला बसली.

"बाई काही म्हणाल्या का? मी निरोप दिला त्यावर?"

"म्हणाल्या की."

"काय?"

मी सांगितलं. दुसरा उपाय नव्हता, आणि आजही तेच केलं असतं, असं म्हणाल्या, आणि पोर एकटी शाळेत जाते ना, एवढं विचारून 'बरं' म्हणाल्या. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

कुसुमचा हात परातीवर थांबला. मग तिनं राख घेऊन परात पुन्हा घासायला सुरुवात केली, घासून झालेली तीच परात.

"बरं झालं," ती म्हणाली. "माफी मागितली असती तर मला माफ करावं लागलं असतं."

परात विसळून तिनं भिंतीला टेकवली, हात पुसले आणि मुलीला हाक मारली. गाडीला अजून पुष्कळ वेळ होता. मी तिला थांब म्हणाले नाही.